घोडी गाभण राहत नाही? जन्मजात दोषाची तपासणी आधी करा

भीमाकाठच्या वढू बुद्रुक (ता. शिरूर, जि. पुणे) येथील एका पशुपालकाने पत्राने विचारले आहे : "घोडी साडेपाच वर्षांची आहे. अंगाने चांगली, गाड्यापुढे पळते. तीन हंगाम घोडा दाखवला, पण राहत नाही. औषधे झाली, चंदी वाढवली, घोडाही बदलून पाहिला. आता काय करावे?" पत्र सविस्तर आहे. खुराक लिहिला आहे, औषधांची नावे लिहिली आहेत, घोडा कोणत्या गावचा तेही लिहिले आहे. घोडीची आतून तपासणी कधी झाली का आणि त्यात काय आढळले, याचा मात्र त्यात कोठेही उल्लेख नाही. अशा अनेक पत्रांत हीच एक ओळ राहून गेलेली असते, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रस्तुत लेखक शस्यशास्त्राचा अध्यापक आहे, पशुवैद्यक नव्हे. चारापिकांच्या निमित्ताने जनावरांच्या गोठ्यापर्यंत जाणे होते आणि तेथे असे प्रश्न समोर येतात. राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये २००० साली नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होईपर्यंत कृषी विद्यापीठांचाच भाग होती, त्यामुळे या दोन शाखांतील माणसांची एकमेकांकडे ये-जा जुनीच आहे. पुढील माहिती निदान आणि उपचार घरी करण्यासाठी नाही. डॉक्टरांना काय विचारावे आणि त्यांच्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हे कळावे यासाठी आहे.

भीमथडीची घोडी

भीमेच्या दोन्ही थडींचा मुलूख म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली तट्टे याच मुलखातली. अंगाने लहान, पण काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारी आणि खडकाळ वाटेवर न अडखळणारी अशी त्यांची ख्याती होती. आज धनगर बांधवांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी जी तट्टे दिसतात, त्यांत हा वंश टिकून आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३ साली 'भीमथडी' ही घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदली, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. मात्र देशातील घोड्यांची एकूण संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती, ती २०१९ च्या गणनेत सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. जात टिकवायची तर प्रत्येक वितणारी घोडी मोलाची आहे, आणि न वितणाऱ्या घोडीवर वाया जाणारी वर्षेही तितकीच महाग आहेत.

दुसरे कारण गाडा शर्यतीचे. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांत घाटात पळणाऱ्या गाड्याच्या पुढे घोडी असते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून चांगल्या घोडीला पुन्हा मागणी आहे, आणि घाटात नाव केलेल्या घोडीचे शिंगरू आपल्या दावणीला असावे असे मालकाला वाटते. येथेच पैसा अडकतो.

आधी साधी कारणे दूर करा

न राहणाऱ्या घोड्यांपैकी जन्मजात दोष असलेल्या घोड्या थोड्याच असतात. बहुतेकींच्या बाबतीत चूक वेळेची, घोड्याची, गर्भाशयाच्या संसर्गाची किंवा पोषणाची असते. म्हणून पहिला विचार त्याचा करावा.

घोडीचा माज गाईसारखा नसतो. गाय दिवसभरात उरकते, घोडी पाच ते सात दिवस माजावर राहते आणि साधारण एकवीस-बावीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. बीज सुटते ते माज संपण्याच्या आधी एक ते दोन दिवस. आता होते असे, की घोडा दुसऱ्या गावी असतो. टेंपो ठरवून घोडी नेली जाते, एकदाच दाखवली जाते आणि त्याच संध्याकाळी परत आणली जाते. तो दिवस माजाचा पहिला किंवा दुसरा असेल तर बीज सुटेपर्यंत घोड्याचे वीर्य टिकेलच याची खात्री नाही. माजाच्या तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, घोडी घोड्याला लाथ मारू लागेपर्यंत भरवावी. ते शक्य नसेल तर सोनोग्राफीने अंडाशयातील पुटिका पाहून दिवस ठरवून घ्यावा.

घोडी मोठ्या दिवसांची जनावर आहे. दिवस मोठा होऊ लागला की अंडाशय कामाला लागतात. थंडीच्या, लहान दिवसांच्या महिन्यांत अनेक घोड्यांचा माज अनियमित होतो किंवा बंद पडतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्याने थंड देशांइतका हा फरक तीव्र नसतो, तरी मार्गशीर्ष-पौषात घोडी माजावर येत नाही म्हणून तिला वांझ ठरवू नये.

घोड्याबद्दल एकच प्रश्न विचारावा : या वर्षी त्याच्यापासून किती घोड्या राहिल्या? त्याच्या वंशाची कीर्ती सांगितली जाते, पण या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही.

खुराकाबद्दल माझ्या विषयापुरते दोन शब्द. बरगड्या दिसणारी घोडी उशिरा माजावर येते हे खरे. नुसते उसाचे वाढे किंवा नुसते संकरित नेपिअर घालणाऱ्या गोठ्यात ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम बांधले जाते, म्हणून सोबत लसूणघास, कडबा आणि खनिज मिश्रण हवे. परंतु जी नळी जन्मतः घडलीच नाही ती चंदीने घडत नाही. हरभऱ्याचा तोबरा वाढवून घोडी लठ्ठ होईल, गाभण होणार नाही.

व्याली होती का?

जन्मजात दोषाचा संशय घ्यावा की नाही, हे एका प्रश्नाने बरेचसे ठरते. घोडी पूर्वी एकदा तरी व्याली आहे काय? व्याली असेल, अगदी मेलेले शिंगरू झाले असले तरी, तिचे अंडाशय, नळ्या, गर्भाशय आणि वाट हे सर्व जागेवर होते असे समजावे. अशा घोडीत गर्भाशयाचा दाह, मागच्या विण्याच्या वेळची इजा, वय असली कारणे शोधावीत. उलट घोडी तीन वर्षांपुढची आहे, कधीही व्याली नाही, योग्य हंगामात योग्य दिवशी खात्रीच्या घोड्याला दोन हंगाम दाखवली तरी राहिली नाही, तर तिसऱ्या हंगामाची वाट पाहू नये. वढूच्या पत्रातील घोडी याच गटातली आहे. तिच्यासाठी घोडा पुन्हा बदलण्याऐवजी आधी तपासणी करावी, एवढेच तूर्त सांगता येते.

येथे थोडे विषयांतर करतो. सारंगखेडा, अकलूज, माळेगाव अशा घोड्यांच्या बाजारांत घोडी घेताना भोवरे किती बारकाईने पाहिले जातात हे सर्वांना ठाऊक आहे. कपाळावरचा, गळ्यावरचा, पोटाखालचा, एकेका भोवऱ्यावर किंमत चढते नि उतरते. दात पाहिले जातात, खूर उचलून पाहिले जातात, घोडी पळवून पाहिली जाते. शेपटी उचलून निरण मात्र कोणी पाहत नाही, कारण ते चारचौघांत बरे दिसत नाही. वितण्यासाठी घोडी घ्यायची असेल तर तेथेच पाहिले पाहिजे.

अवयव कसे घडतात

घोडीच्या पोटात शिंगराचा गर्भ अगदी लहान असताना मादी गर्भात दोन बारीक नलिका तयार होतात. त्यांना म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने म्युलरच्या नलिका म्हणतात. त्यांच्या पुढच्या भागापासून दोन बीजनलिका होतात, त्यामागच्या भागापासून गर्भाशयाची दोन शिंगे, आणि शेवटी दोन्ही नलिका एकमेकींना जुळून गर्भाशयाचे धड, गर्भाशयाचे तोंड व योनीचा आतला भाग घडतो. योनीचा बाहेरचा भाग मात्र वेगळ्या ठिकाणाहून, बाहेरून आत असा घडत येतो. एकच पाट दोन टोकांकडून खणत आणावा आणि मध्ये मातीचा पातळ बांध राहावा, तसा दोन्ही भाग मिळतात तेथे एक पडदा असतो. जन्माच्या सुमारास तो फुटून वाट मोकळी होते.

अंडाशयांची घडण मात्र या नलिकांवर अवलंबून नसते. ती गुणसूत्रांवर ठरते. म्हणून दोष दोन प्रकारचे : वाटेचे आणि बीजाचे. वाटेच्या काही दोषांवर इलाज आहे, बीजाच्या दोषावर नाही. पुढील सर्व विवेचनात हा फरक लक्षात ठेवावा.

न फुटलेला पडदा

वाटेच्या दोषांपैकी मालकाला सर्वांत उपयोगी माहिती याच दोषाची, कारण तो बरा होतो.

पडदा पूर्ण बंद राहिला तर आतल्या भागात तयार होणारा स्राव बाहेर पडू शकत नाही. घोडी वयात येईपर्यंत काहीच कळत नाही. दोन-तीन वर्षांची झाली, माज येऊ लागला, की स्राव साठू लागतो. घोडी कुंथते, शेपटी उचलून धरते, आणि कुंथताना किंवा बसलेली असताना निरणाच्या फटीतून पांढुरका, निळसर किंवा मोत्यासारखा चमकणारा फुगा दिसतो. उभी राहिली की तो आत जातो. पुष्कळ वेळा तो अंग बाहेर आले म्हणून आत ढकलला जातो. काही घोड्यांत फुगा दिसतच नाही. घोडा चढतो पण आत जाऊ शकत नाही, घोडी वेदनेने पुढे पळते, थोडे रक्त दिसते, आणि "घोडी घोडा घेत नाही" अशी तक्रार येते. घोडी माजावर नसल्यामुळे घोडा न घेणे आणि माजावर असून घेता न येणे, यांतला फरक मालकाने पाहावा. माजावरची घोडी शेपूट बाजूला करते, मागचे पाय फाकून उभी राहते, थोडे थोडे मुतते आणि निरणाची उघडमीट करते. हे सर्व करूनही घोडा आत जाताच ती उसळत असेल तर वाटेत अडथळा असू शकतो.

उपचार डॉक्टरांसाठी फार अवघड नाही. घोडीला गुंगीचे इंजेक्शन देऊन, शेपूट बांधून, जागा स्वच्छ धुऊन हाताने तपासणी होते. पातळ पडदा बोटाच्या दाबानेच फुटतो. जाड असेल तर बधिर करून कात्रीने किंवा पात्याने छेद देतात. साठलेला स्राव, कधीकधी काही लिटर, बाहेर येतो. त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. पडद्यामागे गर्भाशयाचे तोंड आणि गर्भाशय नीट आहे ना, हे त्याच वेळी हाताने व सोनोग्राफीने पाहून घ्यावे, कारण पडद्याबरोबर दुसराही दोष असण्याची शक्यता असते. छेदाच्या कडा पुन्हा जुळू नयेत म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. जखम भरून गर्भाशय स्वच्छ झाल्यावरच घोडी भरवावी. मागे दुसरा दोष नसेल तर अशी घोडी इतर घोडीसारखीच गाभण राहू शकते.

एक इशारा. हा फुगा पाहून काठी, तार, सुई असे काही घालून तो फोडण्याचा प्रयत्न मालकाने किंवा जाणत्या म्हणवणाऱ्या माणसानेही करू नये. तो पडदाच आहे, मूत्राशय किंवा योनीची भिंत नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. भिंत फाटून पोटात जखम गेली की पोटाच्या आवरणाचा दाह होतो, आणि घोड्याच्या जातीला तो फार लवकर मारतो.

पडदा पूर्ण नसून योनीत नुसता एखादा उभा पट्टा राहिलेला असणे, ही त्याची सौम्य तऱ्हा. यामुळे गर्भधारणेला सहसा अडचण येत नाही, पण समागमाच्या वेळी किंवा विताना तो फाटून रक्त येते. सापडला तर कापून घ्यावा.

वाटेचे इतर दोष

गर्भाशयाचे एक शिंग नसणे, बीजनलिकेचा तुकडा न घडणे, गर्भाशयाचे तोंड अर्धवट घडणे किंवा दुहेरी असणे, हे दोष घोडीत क्वचितच आढळतात. एका शिंगाची घोडी क्वचित राहूही शकते. तोंडच धड नसेल तर ते मिटत नाही, आणि गर्भ राहिला तरी संसर्ग आत जाऊन पडतो. यांपैकी बहुतेकांवर व्यवहारात परवडेल असा इलाज नाही. आढळल्यास घोडी वितण्यातून काढावी.

निरणाची ठेवण

हा दोष म्हटला तर जन्माचा, म्हटला तर वयाचा, पण मालकाला स्वतः पाहता येतो म्हणून येथे घेतो. चांगल्या घोडीत निरण जवळपास सरळ उभे असते, ओठ घट्ट मिटलेले असतात आणि निरणाच्या लांबीचा सुमारे दोन तृतीयांश भाग माकडहाडाखालच्या कटीच्या हाडाच्या पातळीखाली असतो. काही घोड्यांत जन्मतःच गुदद्वार आत ओढलेले आणि निरणाचा वरचा भाग पुढे झुकून आडवा झालेला असतो. मग लीद सरळ निरणावर पडते, ओठांतून हवा आत शिरते, घोडी चालताना तसा आवाजही येतो, आणि गर्भाशयाला वारंवार दाह होतो. घोडी वाळली, म्हातारी झाली की हे अधिक वाढते. अमेरिकन पशुवैद्यक कॅस्लिक यांनी १९३७ साली यावर सोपी शस्त्रक्रिया सांगितली. निरणाच्या ओठांच्या वरच्या भागाची कडा पातळ काढून टाके घालतात, खालचा भाग मोकळा ठेवतात. जगभरच्या घोडेपैदास केंद्रांत ही शस्त्रक्रिया आजही रोजची आहे. फक्त घोडी व्यायच्या आधी, साधारण आठ-पंधरा दिवस अगोदर, ते टाके उघडून घेतले पाहिजेत. घोडी विकताना नव्या मालकाला हे सांगितले नाही तर विताना निरण फाटते.

बीजाचा दोष

घोड्याच्या प्रत्येक पेशीत ६४ गुणसूत्रे असतात. मादीत त्यांपैकी दोन एक्स, नरात एक एक्स व एक वाय. काही घोड्यांत एक एक्स गुणसूत्र कमी असते, म्हणजे एकूण ६३ भरतात. घोडीतील वंध्यत्वाशी संबंधित गुणसूत्रदोषांत हाच सर्वाधिक आढळतो, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो शास्त्राला ठाऊक आहे. अशी घोडी बाहेरून घोडीच दिसते. वयाच्या मानाने थोडी लहानखुरी असू शकते, निरण लहान असते, बाकी काही कळत नाही. आत मात्र अंडाशय वाटाण्या-घेवड्याएवढे, कडक आणि कधीच पुटिका न धरणारे असतात. निरोगी, हंगामातल्या घोडीचे अंडाशय हाताला चांगले मोठे लागतात, हा फरक गुदमार्गे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना लगेच जाणवतो. गर्भाशय सैल, बारीक, पातळ असते.

या घोडीचा माज फसवा असतो. तो कधी येतच नाही, कधी अनियमित येतो, आणि कधी ती कोणत्याही दिवशी घोड्याला मुकाट्याने उभी राहते. मालकाला वाटते घोडी माजावर आहे. अंडाशयातून माज थांबवणारे संप्रेरक तयार होत नसल्याने ती विरोध करत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. बीजच नसल्याने ती कितीही वेळा भरवली तरी राहणार नाही. संप्रेरकांची इंजेक्शने येथे व्यर्थ आहेत. ज्या शेतात पेरणीच झालेली नाही त्याला युरिया देण्यासारखे ते होईल.

काही घोड्यांत काही पेशी ६३ च्या आणि काही ६४ च्या असे मिश्रण असते. त्यांच्यात दोषाची तीव्रता कमी-जास्त असते.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. घोडी दिसायला पूर्ण मादी, पण गुणसूत्रे नराची, म्हणजे एक्स आणि वाय. काहींत वाय गुणसूत्रावरील नर घडवणारा जनुकच हरवलेला असतो, म्हणून शरीर मादीचे घडते, पण अंडाशय अर्धवट राहतात. काहींत पोटात वृषण असतात, नरसंप्रेरक तयार होते, पण शरीर त्याला दाद देत नाही. अशा घोड्या पुष्कळदा उंच, भरदार आणि देखण्या असतात. काही घोड्यासारख्या वागतात, दुसऱ्या घोड्यांवर चढतात, मान ताठ करून खिंकाळतात. पळण्यात त्या चांगल्या असू शकतात, आणि पळतात म्हणूनच त्यांच्यापासून शिंगराची अपेक्षा धरली जाते. यांतील काही प्रकार आईकडून येतात, म्हणून निदान झाल्यास त्या घोडीच्या बहिणींचीही चौकशी करावी. निरणाच्या खालच्या कोपऱ्यातला लहान उंचवटा (शिश्निका) बोटासारखा मोठा होऊन बाहेर दिसत असेल तर अशा मिश्रलिंगी दोषाची शंका अवश्य घ्यावी.

मात्र थांबा. पळणाऱ्या घोडीला ताकदीची म्हणून जी इंजेक्शने दिली जातात त्यांत नरसंप्रेरकासारखी द्रव्ये असतील, तर त्यांनीही अंडाशय झोपतात, शिश्निका वाढते आणि घोडी घोड्यासारखी वागू लागते. हा दोष जन्माचा नाही, माणसाने केलेला आहे. शर्यतीच्या घोडीला मागील काळात काय टोचले होते हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे. ते लपवल्यास चांगली घोडी जन्माची वांझ ठरून बसेल. इंजेक्शने बंद केल्यावर अंडाशय पुन्हा जागे होण्यास वेळ द्यावा लागतो.

एका तपासणीवर निकाल देऊ नये

लहान, निष्क्रिय अंडाशय चार प्रकारच्या घोड्यांत सापडतात : वयात न आलेल्या, थंडीत तपासलेल्या, उपाशी ठेवलेल्या किंवा इंजेक्शने दिलेल्या, आणि खरोखर जन्मजात दोष असलेल्या. हाताला चौघींचे सारखेच लागतात. म्हणून पहिली तपासणी फाल्गुन-चैत्राच्या पुढे करावी, आणि अंडाशय लहान आढळल्यास त्याच हंगामात तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दोनदा तरी करावी. प्रत्येक वेळी दोन्ही अंडाशयांचा आकार डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्यावा. तिन्ही वेळा तेच आढळले, तर गुणसूत्र तपासणीकडे वळावे. घोडी मोठी, आतडे नाजूक. गुदमार्गे तपासणी घोडी नीट आवरून, अनुभवी डॉक्टरांकडूनच करावी. आतड्याला छिद्र पडल्यास घोडी दगावते.

गुणसूत्र तपासणीसाठी मानेच्या शिरेतून रक्त घेतात. ते हिपॅरिन लावलेल्या, हिरव्या टोपणाच्या नळीत घ्यावे लागते, कारण पेशी जिवंत राहून त्यांची वाढ करायची असते. नळी बर्फात गोठवू नये, उन्हातही ठेवू नये, आणि एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचेल अशी व्यवस्था आधी फोन करून ठरवावी. शनिवारी पाठवलेली नळी वाटेतच पडून राहते. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय येथील प्रजनन विभागाकडे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीने चौकशी केल्यास नमुना कोठे स्वीकारतात ते कळेल.

घोडीचे पुढे काय

बीजाचा दोष निश्चित झाला की घोडीवरचा प्रजननाचा खर्च त्या दिवसापासून बंद करावा. घोडी निकामी झालेली नाही. तिचे हाड, छाती, पाय यांना काही झालेले नाही. गाड्यापुढे, स्वारीला, लग्नाच्या वरातीला, वाड्याबरोबर ओझ्याला ती उत्तम चालते, आणि अकरा महिन्यांचा गाभणकाळ व पुढचे अंगावरचे दूध यांचा खंड तिला पडत नाही. पुष्कळ मालक अशी घोडी पुढच्या बाजारात "पहिलटकरीण होईल" म्हणून विकून मोकळे होतात. मग तीच घोडी दोन वर्षांनी तिसऱ्या गावच्या पत्रातून आमच्याकडे येते. विकायची असेल तर कामाची घोडी म्हणून, तपासणीचा कागद पावतीला जोडून विकावी. घेणाऱ्यानेही कधीही न व्यालेली चार वर्षांपुढची घोडी वितण्यासाठी घेताना हा कागद मागावा. कागद नसेल तर किंमत कामाच्या घोडीचीच द्यावी.

भीमथडी जातीच्या घोड्या बाळगणाऱ्यांनी दर घोडीची साधी वही ठेवावी : जन्म, आई, बाप, माजाच्या तारखा, घोडा दाखवल्याच्या तारखा, तपासणी, विणे. जात नोंदली गेली म्हणून वंशाची नोंद आपोआप होत नाही, ती दावणीलाच व्हावी लागते.

गाईंच्या बाबतीत

आपल्या बहुतेक वाचकांकडे घोडी नसून गाई आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक माहिती. गाईला जुळे झाले आणि त्यांत एक खोंड व एक कालवड असेल, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक कालवडी जन्मतःच वांझ असतात. पोटात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या जुळतात आणि खोंडाच्या रक्तातील द्रव्यांमुळे कालवडीचे गर्भाशय व अंडाशय नीट घडत नाहीत. घोडीत जुळे सहसा टिकत नाही आणि टिकले तरी हा दोष असा उद्भवत नाही. गाईत तो नेमाने दिसतो. अशी कालवड दोन-अडीच वर्षे पोसून मग माजावर येत नाही म्हणून तक्रार करण्याऐवजी पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावी. डॉक्टर गुळगुळीत, बोथट, निर्जंतुक नळी तेल लावून हळूच योनीत घालतात. निरोगी कालवडीत ती तेरा ते पंधरा सेंटिमीटर आत जाते, वांझ कालवडीत पाच ते आठ सेंटिमीटरवरच अडते. जुळ्यातली कालवड कोणी स्वस्तात देऊ केली तर ही नळी घालून झाल्याशिवाय दावे सोडू नये.